वाढीव मापाची घार

बारामतीहून इंदापूरकडे निघालं तर वाटेत उंच म्हणावं असं काही लागत नाही. कारखान्यांची धुराडी, पाण्याच्या टाक्या आणि कालव्याचा भराव, संपलं. अशा मुलखात बसून डोंगरात हरवलेल्या माणसांसाठी विमान घडवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो आम्हाला वर्कशॉप शिकवायला होता.

त्यांची सगळी नोकरी वालचंदनगरला झाली, तिथल्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो लाकडात घडवतात, त्याचा ठसा वाळूत उमटवतात आणि त्या पोकळीत रस ओततात. ते लाकडी रूप घडवणारे हे मिस्त्री. निवृत्त झाल्यावर बारामतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजने त्यांना कंत्राटावर घेतलं आणि ते मिस्त्री सर झाले.

“दोनातलं एक कायतरी म्हना,” ते म्हणायचे. “दोन्ही म्हनलं की माझ्या मागं आनि कोन उभं हाय काय, असं वाटतंय.”

मी लासुर्ण्याची. घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात पहिल्या आठवड्यात जो तो मला बारावीचे मार्क विचारत होता, आणि माझं उत्तर ऐकलं की समोरच्याचा रस मावळायचा. मिस्त्री सरांनी विचारलं, “वडील काय करत्यात?”

“मोटारी भरतात. पाण्याच्या मोटारी जळल्या की तार नवीन भरून देतात.”

“मग तुला तार कळती. बस हितं.”

त्याच महिन्यात विभागप्रमुख वर्कशॉपमध्ये आले तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ही पोरगी इमान करनार हाय.” मला तेव्हा लोखंड घासायची कानस नीट धरता येत नव्हती. मी खाली मान घालून उभी राहिले. पण त्या दिवसापासून कानस मात्र नीट धरायला लागले.

त्यांच्या सवयी कितीही सांगितल्या तरी थोड्याच. भेटल्यावर नमस्काराआधी वर आभाळात बघायचे. लाकडाचा तुकडा हातात आला की आधी हुंगायचे, मग बोटाच्या पेराने टकटक वाजवायचे, मग “बरा हाय” म्हणायचे. शर्टाच्या वरच्या खिशात शिवून घेतलेल्या कापडी पिशवीत एक पिवळी लाकडी पट्टी असायची, घडीची, दोन फुटी, टोकांना पितळ. चाळीस वर्षांच्या हाताळणीने तिच्यावरचा कंपनीचा ठसा पुसून गेला होता, आकडे तेवढे त्यांनी सुईने पुन्हा कोरून घेतले होते. कॉलेजात डिजिटल उपकरणं होती. ती ते आम्हाला वापरू देत, स्वतः मात्र हात लावत नसत. एखाद्याचं काम अर्धा मिलिमीटर चुकलं की नुसतं बोट फिरवून त्यांना कळायचं, पण ओरडत नसत. फक्त म्हणत, “थाप मारलीस.” त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी आम्हाला किमान वीस वेळा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी हसत हसत. चाळिशीत असताना कामगारांची सहल एका किल्ल्यावर गेली होती. उतरताना हे वाट चुकले. दीड दिवस एकटे डोंगरात.

“दुपारी डोक्यावरनं इमान गेलं. मी शर्ट काढला, फिरवला, नाचलो. मला वाटलं, माझ्यासाठीच आलंय. ते पुढं गेलं, मी मागं गेलो. एक डोंगर उतरलो, दुसरा चढलो. ते आपलं मुंबैला चाललं हुतं! शेवटी एक धनगर भेटला. म्हनला, कुठं निघालाव? म्हनलं, वालचंदनगरला. म्हनला, मग हिकडं कशाला आलाव?”

आम्ही हसलो की ते थांबायचे आणि बोट वर करायचे. “हरवलेल्या माणसाला काय पायजे? पानी? न्हाय. बिस्कुट? न्हाय. आपल्याला कुनीतरी बघितलंय, एवढं कळायला पायजे. ते कळलं की माणूस बसतो. न्हायतर तो चालत ऱ्हातो. आनि चालता माणूस घावत न्हाय.”

त्यांच्या विमानाचा सगळा विचार यातून निघाला होता. इतर कॉलेजांची पोरं कॅमेरा किती भारी, किती किलोमीटर जातं, यावर झटत असत. आमचं विमान माणूस दिसला की दोनदा पंख डोलवणार होतं. डावीकडे, उजवीकडे. बघितलंय, बसा. विमानाला त्यांनी नाव दिलं होतं घार. ड्रोन म्हटलेलं त्यांना आवडत नसे. “ड्रोन घुंगघुंग करत एका जागी लटकतो. घार वाऱ्यावर बसती.”

डोंगर नाही याची उणीव त्यांनी दोन प्रकारे भरून काढली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात काळ्या मातीचा हातभर उंच डोंगर केला. समोर पंखा लावला आणि पंख्यापुढे करवतीचा भुसा सोडला. भुसा डोंगराच्या पोटाशी आला की अलगद वर उचलला जायचा आणि माथा ओलांडला की गरगरून खाली आपटायचा.

“बघा. पुढनं वारा उचलतो, मागनं आपटतो. आनि माणूस नेमका मागच्याच अंगाला पडतो.”

त्या दिवशी सगळ्यांचे केस भुशाने भरले. पण पुढे तिसऱ्या वर्षी पुस्तकात तेच चित्र आलं तेव्हा वर्गात ते फक्त आम्हालाच आधीपासून ठाऊक होतं.

दुसरा प्रकार उसाचा. दर शनिवारी लासुर्ण्याला माझ्या चुलत्याच्या उसात आमच्यापैकी एकाने हरवायचं आणि बाकीच्यांनी घारीने शोधायचं. घार उडवायचा सोहेल, माझा प्रोजेक्टमधला जोडीदार. इंदापुरात त्याच्या वडिलांचं ताडपत्रीचं दुकान होतं. वाऱ्याने ताडपत्री कशी फुगते हे लहानपणापासून बघितल्यामुळे त्याचा हात रिमोटवर फार हलका होता. मी पडद्यावर बघायची. पहिल्या शनिवारी पाऊण तास बघून मला माणूस दिसला नाही.

“माणूस बघू नको,” मिस्त्री सर माझ्या खांद्यामागून म्हणाले. “माणसानं काय मोडलंय ते बघ. उसाचं पान वरनं गडद, खालनं फिकट. माणूस शिरला की पानं उलटत्यात. फिकी रेघ दिसती का बघ.”

दिसली. नंतर कायम दिसायला लागली.

बांधावरून जाणारे एक आबा एकदा थांबून म्हणाले, “काय हरवलंय रं?”

“माणूस,” सोहेल म्हणाला.

“कवापास्नं?”

“आत्ताच. आम्हीच हरवलाय.”

आबांनी मिस्त्री सरांकडे बघितलं. “मिस्त्री, कंपनीतून सुटला तवा बरा हुता की तुमी.”

“तवा बी असाच हुतो आबा. तवा भिंतीआड हुतो.”

आमच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात डोंगरातल्या बचाव पथकाच्या प्रमुखांचं भाषण झालं. अण्णा म्हणत त्यांना. भोरकडचे, रापलेले, कमी बोलणारे. भाषण संपल्यावर मिस्त्री सर उभे राहिले. “माणूस घावत न्हाय, तेचं कारन काय?”

अण्णा म्हणाले, “तो थांबत नाही.”

मिस्त्री सरांनी भर सभेत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी अण्णांनी वर्कशॉपमध्ये घार पाहिली, मातीचा डोंगर पाहिला आणि म्हणाले, “दिवाळीनंतर एका रविवारी आमच्याकडे या. आम्ही माणूस लपवू. अर्ध्या तासात शोधून दाखवा. जमलं तर विमान आम्ही पथकात ठेवून घेतो. नाही जमलं तर चहा घ्या आणि जा.”

वर्षाअखेर मिस्त्री सरांचं कंत्राट संपणार होतं. वय एकोणसत्तर. पुन्हा मुदतवाढ नाही, हे विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे घार डोंगरावर जाणार असेल तर या एका रविवारी, नाहीतर वर्कशॉपच्या माळ्यावर. ते हे बोलून दाखवत नसत. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला होता, आणि येता-जाता तो गोल जरा गडद करायचे.

या स्वारीसाठी घार नवी बांधायची ठरली. त्यांनी पैज लावली. “डावा पंख माझा, उजवा तुमचा. दोन्ही चार-चार फुटी. बघू कुनाचा सरस.” आम्ही पोलादी पट्टीने मोजत होतो, ते त्यांच्या पिवळ्या पट्टीने. पंख झाले. त्यांचा नक्कीच सरस होता. त्यावरून हात फिरवला की सांधा कुठे आहे हे कळत नसे.

आणि घार उडेना. म्हणजे उडायची, पण सरळ सोडली तरी उजवीकडे कलायची. मोटर बदलली. वजन इकडचं तिकडे केलं. सरांचा पंख मोजून बघायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. तीन आठवडे गेले. सोहेल म्हणाला, “सर, रिमोटवरून तेवढा उलटा कल देऊन ठेवतो. सरळ जाईल.”

“लंगड्याला एक चप्पल जाड दिली म्हंजे तो बरा झाला का?” सर म्हणाले. “सपाटीवर चालंल. डोंगरामागं वारा आपटला की जाईल खाली.”

तसंच झालं. कालव्याच्या भरावावर जोराचा वारा आला आणि घार उजव्या अंगावर पडली. नाक मोडलं. मिस्त्री सरांनी ते उचललं, हुंगलं आणि पहिल्यांदाच “बरा हाय” म्हणाले नाहीत. आता नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी घरी जाताना त्यांच्याकडे उतरले. वालचंदनगरच्या अलीकडे त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. ते बाहेर गेले होते. काकू म्हणाल्या, “बस पलंगावर. पर कडंला बसू नको, गादी तोकडी हाय.”

मी बघितलं. पायथ्याशी गादी आणि पलंगाची कड यांच्यात दोन बोटांची फट.

“रिटायर झाल्यावर लई हौसेनं केलाय ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “पर गादी म्हनून बसत न्हाय. तिसरा दुकानदार झाला. हे म्हनत्यात, दुकानदार मापात मारत्यात.”

“तिन्ही दुकानदार?”

“तेच मी म्हनते! तिघं बी दोनच बोटं कशी मारत्याल?”

मी फटीत दोन बोटं घातली. मग पिशवीतली पोलादी टेप काढली. पलंग सहा फुटांचा. टेपवर आला सहा फूट दीड इंच. मी पुन्हा मोजला. काकूंनी चहा आणला, तो मी उभ्यानेच प्यायले.

ज्या माणसाने अर्ध्या मिलिमीटरला थाप म्हटलं, त्याला त्याची पट्टीच खोटी आहे हे कसं सांगायचं? आणि तेही, मला “बस हितं” म्हणून पहिल्यांदा जागा देणाऱ्या माणसाला? सोहेल फोनवर म्हणाला, “तू सांग. तुझ्यावर चिडणार नाहीत.” मी म्हटलं, “चिडले तर बरं होईल. गप्प बसले तर?”

सकाळी ते यायच्या आधी मी वर्कशॉपच्या टेबलावर आमची पोलादी पट्टी ठेवली आणि बाजूला जागा मोकळी सोडली. ते आले, आभाळाकडे बघून आत शिरले. मी म्हणाले, “सर, तुमची पट्टी जरा इथे ठेवता?”

त्यांनी ठेवली. चष्मा लावला. अंगठ्याने दोन्ही पट्ट्यांची अलीकडची टोकं जुळवली. मग दुसरं टोक बघितलं. दोन फुटांना जवळजवळ अर्धा इंच जास्त.

ते गप्प बसले. पलीकडे लेथ चालू होतं, त्याचाच काय तो आवाज. “चाळीस वर्सं मापावर जगलो,” शेवटी ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, आपण हे करायला नको होतं.

“दोन पट्ट्या हुत्या माझ्याकडं,” ते सावकाश म्हणाले. “एक साधी, एक वाढीव. रस गार झाला की आकसतो. म्हनून पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा. दर येळी हिशेब कोन करनार? म्हनून पट्टीच वाढीव मिळती आमाला. तिच्यावर एक फूट म्हंजे खरं एक फूट न् वर जरासं. रिटायर झालो तवा वाढीव स्टोअरला जमा केली, साधी घेऊन आलो.” ते थांबले. “असं वाटलं मला.”

“उलट झालं,” सोहेल हळूच म्हणाला.

“म्हंजे आठ वर्सं…” त्यांनी वर बघितलं. एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती. “पलंग. सोहेल, आरं, तुमच्या हॉलमधलं ते भाषनाचं टेबल!”

ते टेबल त्यांनीच केलं होतं. हॉलच्या दारातून ते आत जाईना म्हणून दाराची चौकट तासावी लागली होती, आणि चौकटवाल्या सुताराला मिस्त्री सरांनी सगळ्यांसमोर “थाप मारलीस” म्हटलं होतं.

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. लेथवाला मशीन बंद करून बघायला आला. “तीन गादीवाले न् एक सुतार,” ते डोळे पुसत म्हणाले. “चौघांच्या पाया पडाया जायला पायजे.” (आणि ते गेले. सुताराला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर तो कॉलेजात आला की वर्कशॉपमध्ये चहा घेऊनच जायचा.)

“सर, मग डावा पंख कापायचा का?” सोहेलने विचारलं.

“कापायचा? उजवा नवा करा. ह्याच पट्टीनं.” त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. आजवर तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. “वाऱ्यावर बसायला पंख जरा मोठाच बरा. खोट मापात न्हाय, जोडीत हाय. एक गार झालेला न् एक व्हायचा, अशी जोडी उडत न्हाय.”

सहा दिवसांत नाक सांधलं आणि उजवा पंख झाला. घार सरळ उडाली, आणि आधीपेक्षा संथ.

रविवारी आम्ही डोंगरात पोहोचलो तेव्हा मी पहिल्यांदा खरा डोंगर पाहिला. मातीच्या डोंगराने मला वाऱ्याची कल्पना दिली होती, आकाराची नाही. पावसाळ्यानंतरचं गवत कमरेपर्यंत वाढलेलं, मध्ये कारवीची झाडी. अण्णा म्हणाले, “आमचा माणूस लपवतो.”

“लपलेला येगळा, हरवलेला येगळा,” मिस्त्री सर म्हणाले. “मला सोडा.”

“मिस्त्री, वय काय तुमचं?”

“हरवायला वय लागत न्हाय. अनुभव लागतो. मला हाय.”

अण्णा हसले. धोक्याची जागा नसलेली डोंगराची एक सोंड त्यांनी नेमून दिली आणि हाकेच्या अंतरावर पथकाचा एक माणूस ठेवला. काकूंनी दिलेली भाकरी-ठेच्याची पुरचुंडी घेऊन मिस्त्री सर निघाले. जाताना मला म्हणाले, “घार डोलंस्तवर मी बसनार न्हाय. सांगून ठेवतो.”

घड्याळ सुरू झालं. सोहेलने घार सोडली. ती सोंडेच्या पुढच्या अंगाने वाऱ्यावर उचलली गेली, अगदी भुशासारखी, आणि माथ्यावर रुंद पंखांनी तरंगत राहिली. मी पडद्यावर बघत होते. गवत, खडक, कारवी. दहा मिनिटं. गवत, खडक, कारवी. पंधरा. अण्णा मागे हाताची घडी घालून उभे होते. वीस मिनिटं झाली आणि मला तो पेन्सिलीचा गोल दिसायला लागला.

“दिसतंय का काही?” सोहेलने विचारलं.

“माणूस नाही दिसत,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं की माणूस बघायचाच नसतो.

मग गवतात फिकट रेघ दिसली. ती पूर्वेला गेली होती, वळून पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला. असं कोण चालतं? आणि मला कळलं. घार ज्या दिशेने जाते त्या दिशेने ते तिच्या मागे चाललेत. घार वळते, ते वळतात. आम्ही जिथे बघत होतो तिथून ते प्रत्येक वेळी नुकतेच निघालेले असत. हरवलेल्या माणसाने करावं तसं इमानदारीने ते मुंबईच्या विमानामागे धावत होते.

“सोहेल, रेघेच्या टोकावर ने. आणि डोलव.”

“दिसले?”

“डोलव म्हणते ना!”

घार डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. पुन्हा एकदा. मग मोठा वळसा घेऊन ती परत आली. पडद्यावर गवत आलं, फिकट रेघ आली. रेघेच्या टोकाला, दगडावर, पांढरा शर्ट. मिस्त्री सर मांडी घालून बसले होते आणि पुरचुंडी सोडत होते.

अण्णांनी घड्याळ बघितलं. सव्वीस मिनिटं. घार उतरल्यावर ते तिच्या डाव्या पंखावरून हात फिरवत सांधा शोधू लागले. तो त्यांना सापडला नाही. “ही इथेच राहू दे,” ते म्हणाले.

मिस्त्री सर खाली आले तेव्हा शर्टाला कुसळं चिकटलेली, ओठांना ठेचा. निकाल त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी मला विचारलं, “मी दिसलो कवा? डोलायच्या आदी का मागनं?”

मला खोटं बोलता आलं असतं. “मागनं,” मी म्हणाले. “आधी नुसतं गवत दिसलं होतं.”

“म्हंजे बघितलं नसताना बघितलं म्हनून सांगितलंस मला?”

“हो सर.” सगळे बघत होते. “थाप मारली.”

त्यांनी खिशातली पट्टी चाचपली, सवयीने, आणि मान हलवली.

“थाप न्हाय ती,” ते म्हणाले. “वाढीव धरलंस. गार झाल्यावर बसलं की मापात.”

आणि उरलेली अर्धी भाकरी मोडून त्यांनी आम्हा दोघांपुढे धरली.